कुरळ्या केसांचं कुत्रं आणि रोजचा चिखल : जटा होऊ न देता सांभाळायचं कसं?

रानवाट

झिपरी १४ महिन्यांची आहे. आई लॅब्राडूडल (लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर), बाप पूडल. अंगभर दाट कुरळे केस, दाढीमिशा, भुवया, सगळंच भरघोस. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी तासभर आम्ही बाहेर असतो. ओढा, पाणथळ, उंच गवत, बांधावरची पायवाट. चिखल दिसला की ती आधी पुढचे दोन पाय घालते, मग छाती टेकवते आणि मग वळून माझ्याकडे बघते. तिचं हे सुख मला काढून घ्यायचं नाहीये, हे आधीच सांगते.

परवा तिला केस कापायला नेलं. तिथल्या ताईंनी पाठीवर स्टीलचा कंगवा घातला तो अर्ध्यातच अडकला. मी म्हटलं, अहो, मी रोज ब्रश करते, न चुकता दहा मिनिटं. त्यांनी काही न बोलता माझं बोट धरलं आणि झिपरीच्या काखेत नेलं. वर मऊ मऊ केस होते आणि खाली कातडीला लागून एक सलग थर, घोंगडीसारखा घट्ट. काखेत, जांघेत, कानामागे, छातीवर हार्नेसच्या पट्ट्याखाली. सगळं भादरावं लागलं. केस सुटे पडलेच नाहीत, मेंढीची लोकर उतरावी तसे एका तुकड्यात खाली आले. आतली कातडी गुलाबी झाली होती आणि काखेत दोन ठिकाणी ओलसर लाल. म्हणजे ती कित्येक आठवडे प्रत्येक पावलाला ते ओढलं जाणं सहन करत होती आणि मी तिला पळवत होते. हे डोक्यातून जात नाहीये.

रोज ब्रश करूनही असं का झालं? रोज चिखल म्हणजे रोज अंघोळ घालायची का? आणि केस परत आले की किती लांब ठेवू? अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अनवाणी

वाईट वाटलं वाचून. स्वतःला दोष देऊ नका, केस परत येतील. आमचा भुंगा पण कुरळा आहे आणि रोज माती घेऊनच घरी येतो. मी आल्या आल्या शांपू लावून धुतो. केस स्वच्छ असले की गुंता होत नाही असं माझं मत. तुम्हीही करून बघा.

कातरकाम

रानवाट, मी गेली १९ वर्षं कुत्र्यांचे केस कापते. तुमच्यासारखी माणसं दर आठवड्याला माझ्या टेबलासमोर रडतात, आणि त्यातली बहुतेक रोज ब्रश करणारीच असतात. तेव्हा हयगयीचा विषय मनातून काढा. तुम्हाला कोणी दाखवलं नव्हतं, एवढंच झालंय.

आधी अनवाणींना नम्रपणे विरोध करते, कारण हा सल्ला मला रोज ऐकू येतो आणि त्यानेच सर्वात जास्त कुत्री भादरावी लागतात. चिखलाने जटा होत नाहीत. न विंचरलेल्या केसांवर पाणी पडलं की जटा होतात. आत थोडासा गुंता असतो, वरून पाणी जातं, आपण टॉवेलने खसाखसा पुसतो, तो गुंता वाळताना आवळतो. लोकर भिजवून चोळली की तिचा नमदा होतो ना, अगदी तेच. रोज अंघोळ म्हणजे रोज तो नमदा आणखी घट्ट करणं. ओढ्यात पोहून आलेल्या कुत्र्याचंही असंच होतं.

आता, रोज ब्रश करून का झालं? इतर कुत्र्यांचे गळलेले केस तुमच्या सोफ्यावर पडतात. कुरळ्या कुत्र्याचा गळलेला केस शेजारच्या वेटोळ्यात अडकून तिथेच राहतो. आपल्या कंगव्यात जे गुंतवळ येतं, ते याच्या अंगावरच साठत जातं. त्यात झिपरीचं वय. साधारण ८ ते १४ महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे मऊ केस जाऊन मोठेपणीचे दाट केस येतात. जुने आणि नवे एकमेकांत गुंततात. या काळात आठवड्यात झालेला गुंता एरवी महिन्यात होत नाही. तुम्ही बरोबर याच दिवसांत सापडलात.

आणि ब्रश. पाठीवरून ब्रश फिरवला की वरचे दोन बोटं केस मोकळे होतात, खालचे तसेच राहतात. वरून ती मऊ लागत होती ते यामुळेच.

करायचं असं. तिला कुशीवर आडवी करा. मागच्या पायाच्या पंजापासून सुरुवात. डाव्या हाताच्या तळव्याने केस वर दाबून धरा, म्हणजे खाली एक भांग पडेल आणि कातडीची रेघ दिसेल. ती रेघ दिसली नाही तर पुढे जायचंच नाही. त्या रेघेतले तेवढेच केस स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) खाली ओढा, हलक्या हाताने. त्या तारा कातडीला ओरखडे काढतात, म्हणून आधी स्वतःच्या दंडावर फिरवून जोर किती लावायचा ते बघा. मग तळवा अर्धा बोट वर सरकवा, नवी रेघ, परत तेच. भाताची रोपं ओळीने लावत जावं तसं एकेक ओळ चढत जायचं. एक पाय झाला की स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत घालायचा. सुळकन गेला तर पाय झाला. अडकला तर झालेला नाही, मग वरून कितीही छान दिसो.

पूर्ण कुत्रं एका बैठकीत करू नका. आज दोन पाय, उद्या छाती आणि काखा, परवा कान आणि शेपटीचं मूळ.

शेपूट

कातरकाम, वाचनखूण साठवली. ‘कातडीची रेघ’ हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

दोन_पूडल

सर्व कुरळ्या कुत्र्यांना एकच नियम लावू नका, एवढंच सांगायला आलो. नवीन माणूस आंतरजालावर काहीतरी वाचतो आणि भलत्याच जातीला लावतो.

कर्ली कोटेड रिट्रीव्हर हे नावातच कुरळं कुत्रं. त्याचे केस बारीक घट्ट वेटोळ्यांचे असतात आणि ब्रश केला की ते पिंजारतात. त्याला ओलं करून हवेवर वाळू देणं हीच निगा. स्पॅनिश वॉटर डॉगच्या केसांच्या दोऱ्या होतात, त्या तशाच राखतात आणि मेंढीसारखे पूर्ण कातरतात. त्याला स्लिकर लावला की सगळंच बिघडतं. लगोत्तो रोमान्योलो मूळचा इटलीतल्या दलदलींत शिकार उचलून आणणारा, पुढे जमिनीतले ट्रफल (एक प्रकारची अळंबी) हुडकणारा. त्याचे केस वर्षातून एकदा तरी पूर्ण कापायचेच, नाहीतर नमदा ठरलेला. आणि पूडल, लॅब्राडूडल, कोकापू (कॉकर स्पॅनियल आणि पूडल यांचा संकर) या मंडळींना कातरकाम यांनी सांगितलं तसं मुळापासून विंचरणं.

जरा विषयांतर, पण मला हे फार आवडतं. २००९ साली शुद्ध जातींच्या कुत्र्यांच्या केसांवर एक मोठा अभ्यास आला. केसांची बरीचशी विविधता फक्त तीन जनुकांच्या मिश्रणातून येते असं त्यात दिसलं. लांबी एफजीएफ५ मुळे, कुरळेपणा केआरटी७१ मुळे, दाढीमिशा आरएसपीओ२ मुळे. झिपरीला तिन्हींचा भरपूर वाटा मिळालेला दिसतो.

आणि चिखलाचं म्हणाल तर पूडल हे पाण्यातलंच कुत्रं. ‘पुडेल’ हे त्याचं जर्मन नाव पाण्यात छपछप करणं या अर्थाच्या शब्दावरून आलंय. ती जी सजवलेली वाटणारी कापणी असते ना, छातीवर आणि सांध्यांवर केसांचे गोळे आणि मागचं अंग उघडं, तीसुद्धा पोहणाऱ्या कुत्र्याची म्हणून सांगतात. पोहायला मोकळं, आणि जिथे ऊब हवी तिथे केस. म्हणजे कामाच्या कुत्र्याचे केस कामाला सोयीचे कापणं ही जुनीच रीत आहे. ते विद्रूप करणं नव्हे.

रानवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. कातरकाम, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. दंडावर स्लिकर फिरवून बघितला, लाल रेघा उठल्या. मी तिला इतके दिवस याच जोराने ब्रश करत होते. ती उठून का जायची ते आज कळलं.

दोन शंका. चिखल धुवायचा नाही तर काढायचा कसा? आणि भादरल्यापासून ती कान सारखे फडफडवते आहे. डाव्या कानाचं टोक जरा जाड लागतंय. हे केस गेल्यामुळे आहे का?

नाडीठोके

मी पशुवैद्य आहे. रानवाट, कान आजच दाखवा. या धाग्यावर उत्तराची वाट बघू नका. कानावरच्या घट्ट जटा काढल्या की कान एकदम हलका होतो, रक्ताचा ओघ वाढतो, खाज सुटते आणि कुत्रं कान आपटत राहतं. त्या आपटण्याने कानाच्या कडेला रक्त साकळू शकतं. टोक जाड लागतंय म्हणजे सुरुवात असू शकते. लवकर आलात तर बहुधा साध्या उपायांवर निभावतं, पण उशिरा उशीसारखा फुगलेला कान आला की फार वेळ लागतो. दवाखान्यात पोचेपर्यंत मऊ लवचिक कापडाची पट्टी डोक्यावरून सैलशी घाला, कान डोक्याला टेकलेले राहतील एवढीच. श्वास आणि गिळणं मोकळं राहिलं पाहिजे.

रानवाट

निघाले.

कातरकाम

डॉक्टर, बरं झालं तुम्ही आलात. जटा काढल्यावर कानाबद्दल मी प्रत्येकाला सांगते, पण घरी गेल्यावर लोक विसरतात.

चिखलाचं मी लिहिते. चिखल वाळू द्यायचा. फक्त पंजे आणि पोट डबक्यात भिजलं असेल तर साध्या कोमट पाण्याने नुसतं विसळा, शांपू नको, चोळणं नको. टॉवेल गुंडाळून मुठीत दाबत दाबत पाणी टिपायचं, पुसायचं नाही. बाकी अंगावरचा चिखल वाळला की बराचसा आपोआप झडतो, उरलेला स्लिकरने भुकटी होऊन पडतो. अंगणात किंवा जुन्या चादरीवर बसवा.

शांपूची अंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते, खूप घाण वास येत असेल तर मध्ये एखादी. पण त्याआधी पूर्ण विंचरणं झालेलं हवं. शांपू कुत्र्यांचाच घ्या, त्यांच्या कातडीचा सामू (पीएच) आपल्याहून वेगळा असतो. बाटलीवर सांगितल्याप्रमाणे पाण्यात पातळ करून घ्या, म्हणजे मुळापर्यंत पोचतो आणि धुऊनही जातो. नंतर कंडिशनर. मग वाळवणं, आणि हे वाळवणं म्हणजे अर्धी निगा. कोमट हवेचा झोत आणि त्याच वेळी ब्रश, म्हणजे केस सरळ होत वाळतात. कुरळा केस आपोआप वाळू दिला की आपापल्या वेटोळ्यात परत जाऊन शेजाऱ्याला धरून बसतो. काखा आणि कानामागे बोट घालून बघा, थंड लागलं तर अजून ओलं आहे.

नाडीठोके

यात भर घालतो. दाट केसांत ओल राहिली की कातडीवर ओलसर, लाल, दुखरे चट्टे उठतात, आणि एका दिवसात तळहाताएवढे पसरतात. झिपरीच्या काखेतली लाली त्याच वाटेवर होती.

बाहेर हुंदडणाऱ्या कुरळ्या कुत्र्याबाबत मला जटांहून जास्त काळजी कुसळांची वाटते. गवताचं कुसळ बाणासारखं असतं, पुढे सरकतं पण मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं की कातडी भेदून आत जातं. केसांमुळे दिसत नाही, कुत्रं पंजा चाटत बसतं, आणि चार दिवसांनी तिथे गाठ येऊन फुटते. कानात गेलं तर डोकं एका बाजूला कलतं. फिरून आल्यावर बोटं एकेक फाकवून बघा. पंजाच्या खालचे, गाद्यांमधले केस छाटून ठेवा. चिखलाचे गोळेही तिथेच बसतात आणि खड्यासारखे टोचतात.

गोचीड डोळ्यांनी शोधू नका, बोटांनी शोधा. कानाच्या आत, पापण्यांजवळ, काखेत, जांघेत, शेपटीखाली, बोटांच्या मध्ये. सापडली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ, सावकाश ओढा. तेल ओतणं, चटका देणं, काही नको. गोचिडीची औषधं वेळापत्रकाने चालू ठेवा.

साचलेल्या डबक्यांतून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो, उंदरांच्या मूत्रातून पाण्यात जातो आणि माणसालाही होतो. दरवर्षीची लस चुकवू नका, आणि आपल्या हातावर जखम असेल तर चिखलाचं कुत्रं हातमोजे घालून धुवा.

कानाच्या आतले केस सरसकट उपटू नका. कान निरोगी असेल तर हात लावायची गरज नाही. पोहून आल्यावर कोरडे करा. वास, तपकिरी मळ किंवा दुखणं दिसलं तर दाखवा.

अनवाणी

मी वर जे लिहिलं होतं ते मागे घेतो. कातरकाम यांचं वाचल्यावर काल रात्री स्टीलचा कंगवा आणला आणि भुंगाच्या कानामागे घातला. गेला नाही. दुसऱ्या कानामागेही नाही. काखेत सुपारीएवढ्या दोन गाठी निघाल्या. रोज धुऊन मीच त्या घट्ट केल्या. त्या काढू कशा? कात्रीने कापू का?

कातरकाम

कात्री अजिबात नको. जटेच्या आत कातडी ओढली गेलेली असते. केस समजून आपण कापतो ती तिची कातडी असते, आणि काखेची कातडी कागदासारखी पातळ. टाके घालायला आलेली कुत्री डॉक्टरांनाही माहीत असतील.

सुपारीएवढी गाठ असेल तर आधी कोरडीच ठेवा. कंडिशनरचा फवारा किंवा थोडं कॉर्नफ्लोअर बोटांनी आत मुरवा. मग दोन्ही हातांनी गाठ बाहेरून आत फाडत जा, कापसाचा बोळा पिंजतो तशी. चार तुकडे झाले की मूळ चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही, आणि कंगव्याचं टोक आधी गाठीच्या टोकाला घाला, हळूहळू मुळाकडे या. पाच मिनिटांत सुटली नाही तर सोडा. कुत्र्याच्या सहनशक्तीचा भाव आपल्या हौसेपेक्षा मोठा आहे. क्लिपरचं (केस भादरायच्या यंत्राचं) १० नंबरचं पातं गाठीखाली कातडीला समांतर घाला आणि काढून टाका. ते साधारण दीड मिलिमीटर केस ठेवतं आणि घरच्या माणसाला सगळ्यात सुरक्षित. पातं तापतं, दर दोन-तीन मिनिटांनी मनगटाला लावून बघा. गोखरू आणि चिकटणाऱ्या काटेरी बियाही अशाच काढायच्या, फक्त त्या आधी पकडीने चिरडून घ्या.

वासाची सुगंधी तेलं मात्र लावू नका. टी ट्री तेल कुत्र्यांना विषारी आहे.

शेपूट

माझ्याकडून एकच गोष्ट, पण ती मी तीन कुत्री सांभाळून शिकले. हार्नेस घरात आल्या क्षणी काढा. पट्टा केसांवर घासत राहतो आणि तिथेच पहिली जट धरते. ओला हार्नेस तर विचारूच नका. आणि तपासणी खेळाच्या जागी करू नका, दाराशी एक पायपुसणं ठेवा. आमच्याकडे कुत्रं त्यावर हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवतं. हनुवटी उचलली की मी हात काढते, टेकवली की परत सुरू. दोन आठवड्यांत त्यांना कळलं की थांबवायची मुभा त्यांच्याकडे आहे, आणि तेव्हापासून ती पळत नाहीत.

दोन_पूडल

केस किती ठेवायचे हा मूळ प्रश्न राहिलाच. माझं मत: पाय आणि डोकं लांब ठेवा, अंग आखूड. रूप राहतं आणि काम कमी.

कातरकाम

इथे माझं थोडं वेगळं आहे. चिखलाच्या कुत्र्याचे पायच आधी आखूड हवेत, चिखल तिथेच बसतो. मी लोकांना एकच विचारते, आठवड्याला खरोखर किती तास विंचरणार? तीन तास असतील तर दोन इंच ठेवा. तासभर असेल तर ४ एफचं पातं, साडेनऊ मिलिमीटर. त्याहून कमी असेल तर ७ एफ, ३ मिलिमीटरच्या जरा वर. आकडा मोठा तेवढे केस आखूड, हे लक्षात ठेवा. आणि सहा ते आठ आठवड्यांनी कापायला या. काख, जांघ आणि पोट बाराही महिने १० नंबरने मोकळं ठेवायचं, ते वरून कोणाला दिसतही नाही. पूडलच्या वळणाचे केस वाढत राहतात, आखूड कापल्याने बिघडत नाहीत. दुहेरी लव असलेल्या स्पिट्झसारख्या कुत्र्यांचं तसं नसतं, त्यांना भादरू नका.

रानवाट

सात आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

कान वेळेवर दाखवला. डॉक्टर म्हणाले टोकाशी नुकतंच रक्त साकळायला लागलं होतं. पट्टी आणि औषधावर भागलं. नाडीठोके, तुमचं ऋण विसरणार नाही.

केस आता बोटभर आलेत. पायांना आणि अंगाला ४ एफ, काखा-पोट १० नंबर असं ठरवलंय, पुढच्या आठवड्यात वेळ घेतलीय. सोमवारी मागचे पाय, बुधवारी पुढचे आणि काखा, शुक्रवारी कान, छाती, शेपूट. पहिल्या आठवड्यात एका पायाला पाऊण तास लागला, आता बारा मिनिटं. शेपूट यांची हनुवटीची युक्ती चालली, पण झिपरी हनुवटीऐवजी पंजा ठेवते. मी तेच मान्य केलं.

काल ओढ्याला नवं पाणी होतं. ती गळ्यापर्यंत आत गेली आणि येताना बांधावर लोळली. घरी आणून हार्नेस काढला, पंजे विसळले, टॉवेलने दाबून टिपलं आणि जुन्या चादरीवर बसवून ठेवली. संध्याकाळी चिखल वाळून तिच्या अंगावर करड्या रंगाचा पापुद्रा धरला होता. उजव्या मागच्या पायापासून ओळ धरली. माती भुरभुर चादरीवर पडत गेली, खाली कातडीची पांढरी रेघ दिसत गेली. बोटांच्या बेचक्यात एक कुसळ सापडलं, अजून आत शिरलेलं नव्हतं. शेवटी काखेत कंगवा घातला आणि तो न अडकता बाहेर आला. तेव्हा ती झोपलेली होती.

अनवाणी, भुंगाचं काय झालं? लिहा.

अनवाणी

दोन्ही गाठी पिंजून सुटल्या, कानामागचं मात्र भादरावं लागलं. आता शांपू महिन्यातून एकदा. आज पहिल्यांदा डाव्या कानामागे कंगवा सरळ गेला. उजवीकडे अजून एक बारीक गाठ आहे, आज रात्री तिच्यावर बसतोय.